टोकियोचा उकाडा आणि साडेसहाची शर्यत

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या पुरुष ट्रायथलॉनचा, म्हणजे सलग पोहणं, सायकल आणि धावणं अशा शर्यतीचा, विषय निघाला की लोकांना दोन दृश्यं आठवतात. पहिलं सुरुवातीचं. भोंगा वाजला तेव्हा चित्रीकरणाची बोट तरंगत्या फलाटासमोर आडवी आली होती. काहींनी सूर मारला, काही तसेच उभे राहिले, आणि पाण्यात गेलेल्यांना परत बोलवावं लागलं. दुसरं दृश्य शेवटचं. नॉर्वेचा क्रिस्तियान ब्लुमेनफेल्ट अंतिम रेषेवरची फीत ओढून घेतो, गर्जना करतो, तिथेच कोसळतो, ओकतो आणि चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेला जातो. सुवर्णपदक त्याचंच.

या दोन दृश्यांच्या मागे दोन वर्षांची तयारी आणि बरीच डोकेफोड होती. ऐन उन्हाळ्यात, जगातल्या सर्वांत मोठ्या महानगरांपैकी एकात ही शर्यत घ्यायची म्हटल्यावर आयोजकांनी काय ठरवलं, खेळाडूंनी काय केलं आणि त्यातलं काय कामी आलं, हे इथे मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: टोकियोत सगळे तापमानाबद्दल बोलत होते, पण खरा प्रश्न घाम वाळण्याचा होता. एकदा तसं पाहिलं की तिथले बहुतेक निर्णय समजतात, काही निर्णयांच्या मर्यादाही समजतात.

आधीची परिस्थिती

२०१३ मध्ये यजमानपद मिळवताना टोकियोने आपल्या प्रस्तावात या दिवसांतली हवा सौम्य आणि खेळाडूंना आदर्श असल्याचं लिहिलं होतं. तिथे एक उन्हाळा काढलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. याच शहराने १९६४ चं ऑलिम्पिक ऑक्टोबरमध्ये भरवलं होतं, ते उगाच नाही. पण आता तारखा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने घालून दिलेल्या जुलै-ऑगस्टच्या चौकटीतच बसवायच्या होत्या. त्यात २०१८ चा उन्हाळा असा आला की टोकियोच्या वायव्येला असलेल्या कुमागायात २३ जुलैला पारा ४१.१ अंशांवर गेला. जपानचा तोवरचा तो उच्चांक होता.

त्यानंतर धावपळ सुरू झाली. देशातली घड्याळंच उन्हाळ्यापुरती पुढे करावीत, असाही एक प्रस्ताव आला. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे तर्क होता. जपानमध्ये उन्हाळी वेळ पाळत नाहीत आणि देश पूर्वेला असल्याने जुलैच्या शेवटी टोकियोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे साडेसहाला शर्यत सुरू केली तरी ऊन पावणेदोन तासांचं जुनं असतं. प्रस्ताव बारगळला. देशाचं घड्याळ हलवण्यापेक्षा शर्यतीची वेळ हलवणं सोपं, हे शेवटी सगळ्यांना पटलं असावं.

१५ ऑगस्ट २०१९

ओदाइबा मरीन पार्क हे टोकियो उपसागरातलं, भराव घालून तयार केलेल्या बेटाच्या कडेचं ठिकाण. समोर इंद्रधनुषी रोषणाईचा पूल, मागे काचेच्या इमारती. ऑलिम्पिक तेव्हा २०२० ला ठरलेलं होतं, कोरोनामुळे ते पुढे २०२१ ला गेलं. ठरलेल्या तारखेच्या एक वर्ष आधी इथे रंगीत तालीम म्हणून चाचणी शर्यत झाली. महिलांची शर्यत सकाळी साडेसातला ठेवलेली. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर धावणं, हे या प्रकाराचं ठरलेलं अंतर. पण धावण्याच्या वेळी हवा धोक्याची पातळी ओलांडेल असा अंदाज आल्यावर धावण्याचा टप्पा दहावरून पाच किलोमीटरवर आणला गेला.

त्या दिवशी बातमी मात्र भलतीच झाली. ब्रिटनच्या जेस लिअरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन हातात हात घालून अंतिम रेषेवर आल्या. ठरवून बरोबरीत संपवणं नियमात बसत नाही, म्हणून दोघी बाद झाल्या आणि बर्म्युडाची फ्लोरा डफी विजेती ठरली. उकाड्याचा विषय दुसऱ्या परिच्छेदात गेला. पुढच्या दिवशी पुरुषांची शर्यत पूर्ण दहा किलोमीटर धावून झाली. त्यानंतर दिव्यांगांच्या शर्यतीतलं पोहणं पाण्यात ई. कोलाय जीवाणूंचं प्रमाण वाढल्यामुळे रद्द करावं लागलं.

अंतर कापल्याबद्दल तेव्हा नाकं मुरडली गेली. ऑलिम्पिकच्या तालमीतच अर्धी धाव रद्द म्हणजे नामुष्की, असा सूर होता. मला तो निर्णय त्या आठवड्यातला सर्वांत शहाणा वाटतो. कापायचंच असेल तर धावणंच कापावं, कारण ट्रायथलॉनचा क्रम उकाड्याच्या दृष्टीने उलटा आहे. पोहताना अंग तापायला लागतं, पण ऊन डोक्यावर यायचं असतं. सायकलवर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा अंगावरून जातो, तो घाम उडवून नेतो. धावायला उतरलं की वेग निम्म्यावर येतो, म्हणजे वाराही निम्म्यावर. पाठीमागून वारा असेल तर अंगाभोवतीची हवा जवळजवळ थिजलेलीच. शरीरातलं पाणी तोवर कमी झालेलं, ऊन चढलेलं, आणि नेमकी हीच वेळ सगळा जोर लावायची.

त्याच उन्हाळ्यात, जवळपास एक महिना आधी, न्यूयॉर्क शहरातली ट्रायथलॉन उष्णतेच्या लाटेमुळे पूर्णच रद्द झाली होती. तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. ऑलिम्पिकच्या एका शर्यतीत पन्नास-साठ खेळाडू असतात आणि प्रत्येकावर कुणाची ना कुणाची नजर असते. शहरी हौशी शर्यतीत हजारो लोक उतरतात. तिथे वैद्यकीय तंबूत एकाच वेळी किती जण येऊन पडतील, हाच प्रश्न निर्णय ठरवतो.

आकडा कसा बनतो

धोक्याची पातळी ठरवायला जे मोजमाप वापरतात त्याला वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर म्हणतात. त्यात तीन पारे असतात. एक साधा, सावलीतला. दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. हवा जितकी दमट, तितकं फडक्यातलं पाणी कमी उडतं आणि हा पारा वर राहतो. तिसरा काळ्या गोळ्यात बसवलेला, तो ऊन आणि तापलेल्या डांबराची धग पकडतो. अंतिम आकड्यात ओल्या फडक्याचा वाटा ७० टक्के, काळ्या गोळ्याचा २० टक्के आणि आपण रोज बातम्यांत ऐकतो त्या साध्या तापमानाचा फक्त १० टक्के. ट्रायथलॉनच्या नियमांत ३२.२ च्या वरची पातळी अतिधोक्याची मानली गेली आहे.

समजण्यासाठी काही आकडे घेऊ. हे मोजलेले नाहीत, उदाहरणाचे आहेत. सकाळी नऊला साधा पारा ३१, ओल्या फडक्याचा २७, काळ्या गोळ्यातला ४५. हिशेब केला तर ३१.० येतात. आता तीच जागा पहाटे: २८, २५.५ आणि ३५. बेरीज येते जवळपास २७.७. साडेतीनच्या आसपास अंशांचा हा फरक कुठून आला? दोन अंश नुसते उन्हाचे. दमटपणातून जेमतेम एक अंश मिळाला, कारण उपसागराच्या काठावर रात्रभरातही हवेतली वाफ फारशी कमी होत नाही.

ऑलिम्पिकच्या वैयक्तिक शर्यती नंतर साडेसातऐवजी साडेसहाला ठेवल्या गेल्या. या एका तासाची किंमत वरच्या हिशेबावरून कळते. त्याने ऊन वाचवलं. दमटपणा होता तिथेच राहिला.

अंगातली भट्टी

दमटपणाचं एवढं काय, असं वाटत असेल तर ढोबळ गणित करून पाहावं. धावण्यात साधारण दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. सत्तर किलोचा खेळाडू दहा किलोमीटर तीस मिनिटांत धावला तर ७०० किलोकॅलरी. यातला पाचवा-चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता. म्हणजे मिनिटाला अठरा किलोकॅलरींच्या आसपास. एवढ्या वजनाचं शरीर एक अंशाने तापवायला ५८ किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर पडायचा मार्गच नसता तर दर तीन-सव्वातीन मिनिटांना अंगाचं तापमान एक अंशाने वाढलं असतं. सुरुवात ३८.५ ला धरली तरी पाच मिनिटांत चाळिशी गाठली असती.

तसं होत नाही, कारण घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडून गेला तर ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे या अर्ध्या तासात साधारण एक लिटर घाम उडायला हवा. निथळलेला, टपकलेला, कपड्यात मुरलेला घाम यात धरायचा नाही. तो गेला तो फुकट गेला. दमट हवेत नेमकं हेच होतं. माणूस नखशिखांत भिजलेला दिसतो, तरी आतून तापत असतो.

पिऊन ही तूट भरून काढता येत नाही. जोरात व्यायाम चालू असताना पोट तासाला लिटरभर पाणी जेमतेम पुढे ढकलतं आणि घामाचा वेग त्याच्या दुप्पट असू शकतो. दुसऱ्या टोकाला संथ गतीचे हौशी खेळाडू असतात. त्यांच्याकडे प्यायला भरपूर वेळ असतो आणि घाबरून घामापेक्षा जास्त पाणी पोटात जातं, तेव्हा रक्तातलं सोडियम उतरतं. तीही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. ‘पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन पेले प्यायचेच’ हा सल्ला त्यामुळे मला धोकादायक वाटतो.

ओदाइबाच्या पाण्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. शर्यतीच्या दिवशी ते तिशीच्या आसपास होतं. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंशांत ठेवतात, त्यावरून अंदाज यावा. पाण्यात घामाचा काही उपयोग नसतो, अंग थंड करायचं काम पाण्यानेच करायचं. ते इतकं कोमट असलं की अठरा-वीस मिनिटं जोर लावून पोहल्यावर खेळाडू तापलेल्या अंगानेच सायकलवर बसतो. वेटसूटचा, म्हणजे पोहताना घालायच्या जाड रबरी पोशाखाचा, प्रश्नच नव्हता, अव्वल खेळाडूंना इतक्या गरम पाण्यात तो घालताच येत नाही. त्यात चुकीच्या सुरुवातीला सूर मारलेल्या पुरुषांना थोडं पोहणं फुकटचं पडलं.

शरीर तयार करणं

उकाड्याची सवय लागते. आठवडा ते दोन आठवडे रोज तासभर अंग तापवलं की रक्तातला पातळ भाग वाढतो, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. यासाठी उष्ण देशात जाऊन राहावं लागतंच असं नाही. व्यायामानंतर लगेच चाळीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास बसणं, तापवलेल्या खोलीत सायकल चालवणं, हेही चालतं. तयारी थांबवली की काही आठवड्यांत सवय ओसरते, म्हणून ती शर्यतीच्या तोंडावर करायची.

नॉर्वेच्या चमूने यात मोजमाप आणलं. व्यायाम चालू असताना अंगाच्या आतलं तापमान किती चढतंय ते ते नोंदवत आले होते. एरवी खेळाडू ‘आज जड वाटलं’ म्हणतो आणि प्रशिक्षक मान डोलावतो. इथे आकडा समोर होता. थंड देशातल्या माणसाने उकाड्याच्या शर्यतीत बाजी मारली याचं अनेकांना नवल वाटलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. थंड देशातल्या माणसाला उकाडा गृहीत धरता येत नाही, त्यामुळे तो त्याचा अभ्यास करतो. त्यांचा पांढरा, भिजल्यावर जवळजवळ आरपार दिसणारा पोशाख चेष्टेचा विषय झाला. ऊन परतवायला आणि घाम उडायला असं पातळ, फिकट कापड बरंच, लाज मात्र थोडी बाजूला ठेवावी लागते.

ऑलिम्पिकमध्ये महिलांचं सुवर्ण जिंकलेल्या फ्लोरा डफीचं प्रकरण याच्या उलट. ती बर्म्युडाची, अटलांटिकमधल्या दमट बेटांवर वाढलेली. पण जन्मगावाची हवा कायमची अंगात साठून राहत नाही, अव्वल खेळाडू वर्षातला बराच काळ बाहेरच असतात. तिच्या विजयाचं श्रेय बेटांच्या हवेला देणं सोपं आहे, म्हणूनच मी ते देणार नाही.

२६ आणि २७ जुलै २०२१

पुरुषांच्या शर्यतीत सायकलचा टप्पा संपेपर्यंत मोठा घोळका एकत्रच होता. धावण्याच्या शेवटच्या फेरीपर्यंत तिघे उरले: ब्लुमेनफेल्ट, ब्रिटनचा अ‍ॅलेक्स यी आणि न्यूझीलंडचा हेडन वाइल्ड. तिघांत कागदावर यी सर्वांत वेगवान धावपटू. तरी शेवटी ब्लुमेनफेल्टने झेप घेतली आणि ती टिकवली. वेळ १ तास ४५ मिनिटं ४ सेकंद. यी ११ सेकंदांनी मागे, वाइल्ड २० सेकंदांनी.

आता ते कोसळणं. त्याकडे उकाड्याने घेतलेला बळी म्हणून पाहिलं गेलं. पण अंतिम रेषा ओलांडल्यावर कोसळणं आणि तिच्या आधी कोसळणं यांत फार अंतर आहे. धावताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. माणूस थबकला की तो पंप थांबतो, त्वचेकडे आणि पायांकडे गेलेलं रक्त तिथेच साचतं आणि चक्कर येते. अंग तापलेलं असेल तर हे आणखी जोरात होतं. उष्माघात वेगळा. त्यात माणूस बरळतो, सरळ चालू शकत नाही, आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही, आणि आतलं तापमान चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलला ब्रिटनचा जॉनी ब्राउनली आघाडीवर असताना अंतिम रेषेच्या काहीशे मीटर आधी झोकांड्या खाऊ लागला आणि भाऊ अ‍ॅलिस्टरने त्याला धरून रेषेपार नेलं. ती चित्रफीत पाहिल्यावर फरक वेगळा सांगावा लागत नाही. ब्लुमेनफेल्टने शेवटच्या फेरीत वेग वाढवला होता. उष्माघाताच्या वाटेवरचा माणूस सहसा असं करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी महिलांची शर्यत, आणि हवा पार बदललेली. वादळाच्या सरी आल्या, सुरुवात पंधरा मिनिटं लांबली, रस्ता निसरडा झाला. दोन वर्षं उकाड्याची भीती घातलेल्या शर्यतीत सायकल घसरण्याची भीती पुढे आली. डफीने १:५५:३६ अशी वेळ देत एक मिनिट १४ सेकंदांच्या फरकाने सुवर्ण जिंकलं. बर्म्युडाचं ऑलिम्पिकमधलं हे पहिलंच सुवर्ण. टेलर-ब्राउन सायकलचा टायर बसूनही दुसरी, अमेरिकेची केटी झाफेरेस तिसरी.

या दोन सकाळींवरून ‘तयारी वाया गेली’ किंवा ‘तयारीमुळेच निभावलं’ असे दोन्ही निष्कर्ष काढले गेले. मला दोन्ही घाईचे वाटतात. मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती उकाड्याच्या भीतीने उत्तरेला आठशेहून अधिक किलोमीटरवरच्या सप्पोरोला हलवल्या गेल्या होत्या. तिथेही महिलांची मॅरेथॉन ऐन आदल्या रात्री एक तास अलीकडे आणावी लागली. शहर बदलूनही शेवटी घड्याळच हाताशी आलं.

तंबूतला टब

वैद्यकीय तयारीत एक गोष्ट टोकियोत नीट केली गेली आणि तिचं कौतुक कमी झालं. शर्यतीच्या ठिकाणी बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवले होते. उष्माघाताचा संशय आला तर तापमान गुदमार्गातून मोजायचं, काखेत किंवा कपाळावर नाही. बाहेरची त्वचा घामाने थंड असते आणि फसवते. चाळिशीच्या वर असेल तर माणसाला लगेच टबात उतरवायचं, रुग्णवाहिका नंतर. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरलं तर बहुतेक जण धडपणे घरी जातात. गर्दीच्या शहरात रुग्णालय जवळ असलं तरी तिथे पोचेपर्यंत हा अर्धा तास वाहतुकीत संपतो.

हौशी शर्यतींना यातलं काय घेता येईल, तर आधी हा टब. पहाटेची वेळ हजारो लोकांच्या शर्यतीत अर्धीच उपयोगी पडते. एकामागून एक गट सोडावे लागतात आणि शेवटच्या गटातले, म्हणजे बहुधा सर्वांत संथ लोक, धावायला उतरतात तेव्हा ऊन टळटळीत असतं. अव्वल खेळाडू पावणेदोन तासांत मोकळा होतो, यांना तीन-साडेतीन तास लागतात. संथ लोकांचे गट आधी सोडले तर हा घोळ बराच सुटेल, पण मग वेगवान लोक त्यांच्यातून वाट काढत जाणार आणि सायकलच्या टप्प्यावर अपघात होणार. यावर मला सोपं उत्तर दिसत नाही.

ऑगस्टच्या शेवटी, २८ आणि २९ तारखेला, ओदाइबालाच दिव्यांगांची ट्रायथलॉन झाली. मणक्याला इजा झालेल्या खेळाडूंना इजेच्या पातळीखाली घाम नीट येत नाही, कित्येकांना येतच नाही. ते हातांनी चालवायच्या सायकलवर आणि शर्यतीच्या खुर्चीत बसतात, तापलेल्या डांबरापासून वीतभर उंचीवर, आणि सावलीतला पारा बहुतेक त्यांच्या डोक्याच्या वर लावलेला असतो. अंगावर फवाऱ्याने पाणी मारून घेणं, म्हणजे बाहेरून घाम आणणं, हा त्यांचा मुख्य उपाय. धोक्याचा जो आकडा सगळ्यांना लावतात तो १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण छावणीसाठी, धडधाकट तरुण डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या मोजमापातून आलेला आहे. त्या सैनिकांना घाम येत होता. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी ३२.२ ची मर्यादा बरीच खाली आणायला हवी, आणि त्यांच्या शर्यतीला सकाळचा सर्वांत पहिला तास मिळायला हवा.